मंगळसूत्र हिसकावलं, तर ‘गहाळ’ लिहून देऊ नका

संकष्टीच्या संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. मागून मोटारसायकल आली, मानेला हिसका बसला आणि अडीच तोळ्यांचं मंगळसूत्र गेलं. पोलीस ठाण्यात माझ्यापुढे ‘दागिना गहाळ झाल्याचा’ अर्ज सरकवला. हात कापत होते, मी सही करणारच होते. शेजारच्या वहिनींनी कागद बाजूला केला. गहाळ म्हणजे आपल्या हातून हरवलं. हिसकावलं म्हणजे गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४. तेव्हा ‘हिसकावलं’ हाच शब्द लिहून घ्या.

‘आमची हद्द नाही’ म्हणाले तरी परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यावी लागते. नाहीच घेतली, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

जबाब देताना मात्र घाई नको. दागिन्याची खूण न् खूण सांगा. लेक दात येताना चावायची, म्हणून माझी डावी वाटी चेपलेली होती. मण्यांत एके ठिकाणी लाल दोऱ्याची गाठ होती. अंमलदार म्हणाले, “एवढं कशाला, बाई?” मी म्हटलं, “लिहाच, साहेब.” चार महिन्यांनी जप्त दागिन्यांतून माझं ओळखलं ते त्या वाटीवरूनच. जबाब पूर्ण वाचा, मग सही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपासी अंमलदारांचं नाव वहीत टिपा. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. मला कुणी कळवलं नाही, म्हणून ९१व्या दिवशी मीच लेखी विचारलं.

दागिना सापडला तरी तो ‘मुद्देमाल’, म्हणजे खटल्यातला पुरावा असतो. ठाण्यातून लगेच हातात पडत नाही. न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करावा लागतो. सोबत सोनाराची पावती आणि दागिना अंगावर दिसेल असा जुना फोटो जोडा. पावती नसेल तर लग्नाचा फोटो शोधा. मी तोच दिला. खटला संपेपर्यंत थांबा, असं कुणी म्हणालं तर वकिलांना सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल दाखवायला सांगा: फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन वस्तू लवकर परत करावी, असं त्यात आहे.

बंधपत्रात विकणार नाही, मोडणार नाही, बोलावल्यावर हजर करीन, असं लिहून दिलंय. त्यामुळे सोनाराने दोनदा विचारूनही ती वाटी मी सरळ करून घेतलेली नाही.