१३बी रोटरी इंजिन पुन्हा जोडताना एपेक्स सीलच्या या चुका टाळा

माझ्दाच्या रोटरी इंजिनात (१३बी हे त्यातलंच एक) पिस्टनऐवजी हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरच्या तिन्ही टोकांच्या खाचांत बसून भिंतीला टेकणारी पट्टी म्हणजे एपेक्स सील. हे इंजिन बंद पडलं की पहिला संशय त्या सीलवर येतो. तो बहुतेक वेळा खराही ठरतो, पण तपास तिथेच थांबतो हे वाईट. रोटरची खाच झिजलेली असते, हाउसिंगचं क्रोम सोलवटलेलं असतं, स्प्रिंग उष्णतेने मेलेली असते आणि त्याच घरात नवं कोरं महागडं सील बसवलं जातं. काही महिन्यांत तेही जातं आणि दोष सील बनवणाऱ्यावर येतो. प्रत्यक्ष जोडणीचं काम थोडं असतं. इंजिन टिकणार की नाही ते त्याआधी गेज हातात घेऊन बसलेल्या वेळात ठरतं.

सील आणि हाउसिंग वेगळं काढून बघताच येत नाही, हे माझ्दाला अगदी सुरुवातीला कळलं. कंपनीने १९६१ मध्ये एनएसयू या जर्मन कंपनीकडून वँकेल, म्हणजेच रोटरी, इंजिनाचा परवाना घेतला. हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या पथकासमोर पहिला मोठा प्रश्न आला तो हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर उमटणाऱ्या आडव्या चऱ्यांचा. सैतानाच्या नखांचे ओरखडे असंच नाव त्यांना तिथे पडलं होतं. सील फिरताना थरथरत होतं आणि भिंत खरवडत होतं. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील तयार झालं, तेव्हा कुठे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आली. आजही जुनं हाउसिंग उघडल्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडून आधी तेच शोधावं.

पुढची मापं माझ्दाच्या आरएक्स-७ या गाडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीतल्या, म्हणजे २ मिलिमीटर जाडीच्या सीलच्या १३बी इंजिनाची आहेत. १२ए या दुसऱ्या रोटरी इंजिनात आणि १९८५ पर्यंतच्या १३बीमध्ये सहसा ३ मिलिमीटरची सील येतात. नंतरच्या आरएक्स-८ गाडीच्या रेनेसिस इंजिनातलं सील २ मिलिमीटरचंच, पण उंचीला कमी असतं, त्यामुळे ते इकडे चालत नाही आणि इकडचं तिकडे चालत नाही. माझ्दाने रोटरी गाडी भारतात अधिकृतपणे विकली नाही, त्यामुळे हे काम करणारे मराठी लोक बहुतेक परदेशात आहेत आणि सुटे भाग घरपोच मागवतात. आधी मोजा आणि मगच मागवा. उलटं केलं की चुकीच्या जाडीचा संच टेबलावर पडून राहतो.

खाच न मोजणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एपेक्स सीलला भिंतीवर दाबून धरतं कोण? स्प्रिंग, असं उत्तर मिळतं. स्प्रिंगचं मुख्य काम इंजिन सुरू होतानाचं. एकदा इंजिन चालू झालं की जळणाऱ्या वायूचा दाब खाचेत सीलच्या मागे शिरतो आणि तोच त्याला बाहेर ढकलतो. म्हणजे खाच आणि सील यांच्यात वायूला शिरायला जागा हवी. पण ती जास्त झाली की सील खाचेत डोलतं आणि प्रत्येक फेरीत एका काठावरून दुसऱ्या काठावर आपटतं. त्यातच सील भिंतीला कायम काटकोनात नसतं. १३बीच्या भूमितीत ते दोन्ही बाजूंना २५ अंशांपर्यंत कलतं. ढिल्या खाचेत हा कल आणखी वाढतो.

खाच आणि सील यांच्यातल्या फटीसाठी माझ्दाने दिलेला क्लिअरन्स ०.०६२ ते ०.१०२ मिलिमीटर आहे आणि कमाल मर्यादा ०.१५. नवं सील खाचेत ठेवून शेजारी फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांची) पाती सरकवा. एकाच जागी मोजून समाधान मानू नका. दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, आणि पाती नुसती तोंडाशी न ठेवता आत तळाकडेही नेऊन बघा. खाचेचं तोंड तळापेक्षा जास्त फाकलेलं सापडतं. पाती तोंडाशी सैल आणि आत घट्ट लागली तर तो रोटर आता २ मिलिमीटरच्या सीलच्या कामाचा उरलेला नाही. मग दुसरा रोटर शोधायचा, किंवा खाच मशीनवर कापून ३ मिलिमीटरची करून घ्यायची. हा दुसरा रस्ता जुना आणि चांगला आहे, पण काम रोटरी जाणणाऱ्याच मशीन शॉपला द्यावं.

मोजण्याआधी खाचेतला कार्बन पूर्ण निघालेला हवा. कार्बनसकट मोजलं तर माप चांगलं येतं आणि फसवतं. साफ करायला जुन्या सीलचा तुकडा उत्तम, कारण तो नेमक्या रुंदीचा असतो. छिन्नी किंवा पोलादी खरवडणी आत घालून खाच रुंद करून ठेवणारे पुष्कळ आहेत.

जुनं सील परत वापरायचा मोह झाला तर उंची मोजा. नवं ८ मिलिमीटर असतं आणि ६.५ च्या खाली गेलेलं टाकून द्यायचं. खरं सांगायचं तर इंजिन एवढं उघडल्यावर जुनं सील परत बसवणं मला पटत नाही.

हाउसिंगला कापडाने पुसून पास करणं

हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत पोलादी पत्रा आणि त्यावर कठीण क्रोम. क्रोम आधी कडांना सोलवटतं, विशेषतः स्पार्क प्लगच्या आसपास. नख फिरवा, अडकलं तर ती जागा नवं सील खाणार. हाउसिंगची रुंदी ८० मिलिमीटर असते. ती मायक्रोमीटरने चहूबाजूंनी चार-पाच ठिकाणी घ्या. सगळ्यात मोठ्या आणि लहान मापात ०.०६ पेक्षा जास्त फरक असेल तर ते हाउसिंग बाजूला ठेवा. क्रोमवर पॉलिश पेपर मारून चकाकी आणणं म्हणजे दोष झाकणं आहे.

लांबीचा विचार न करणं

काही बाजारू सील मुद्दाम थोडी लांब येतात आणि हाउसिंगच्या मापाने घासून घ्यावी लागतात. पाकिटातून काढून तशीच बसवली की थंड इंजिन हाताने फिरतं, गरम झालं की सील दोन्ही बाजूंच्या लोखंडी प्लेटांमध्ये अडकतं. बनवणाऱ्याने दिलेला टोकाचा क्लिअरन्स वाचा आणि घासताना टोक काटकोनात ठेवा. डोक्याच्या गोलाईला मात्र कानस किंवा पेपर लावायचा नाही. भिंतीवर कलत चालण्यासाठीच ती गोलाई दिलेली असते.

रोटरच्या बाजूला बसणाऱ्या साइड सीलचंही तसंच. त्याचं टोक आणि रोटरच्या कोपऱ्यातलं गोल कॉर्नर सील यांच्यात ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर हवं. एकाच टोकाला, थोडं थोडं घासत, प्रत्येक वेळी त्याच्या स्वतःच्या खाचेत बसवून मोजत जा. घासून झालेलं सील कुठल्या रोटरच्या कुठल्या बाजूचं ते लगेच लिहून ठेवा, ते दुसरीकडे बसणार नाही.

रचताना होणाऱ्या चुका

इंजिन पुढचं टोक खाली करून रचलं जातं. पुढच्या प्लेटवर रोटर, मग एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटर ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा), मग हाउसिंग. कॉर्नर सीलची फट एपेक्स सीलच्या खाचेशी सरळ रेषेत हवी. ती किंचित जरी फिरलेली असेल तर एपेक्स सील आत उतरत नाही, आणि उतरवायला ठोकलं तर कॉर्नर सीलची कड उडते. कॉर्नर सीलखालची छोटी स्प्रिंग राहून गेली नाही ना, हे बोटाने दाबून तपासा. दाबल्यावर ते परत वर यायला हवं.

हाउसिंग बसल्यावर सील वरून खाचेत सोडा, मग लांब आणि आखूड स्प्रिंग आणि सगळ्यात शेवटी सीलच्या टोकाचा सुटा त्रिकोणी तुकडा. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, स्प्रिंगची कमान उलटी बसते. आपल्या संचाबरोबर आलेलं चित्र समोर ठेवा, दुसऱ्या बनावटीच्या आठवणीवर जाऊ नका. एका कंपनीचं सील आणि दुसरीची स्प्रिंग असा मेळही घालू नका. दोन, त्रिकोणी तुकडा. तो तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा असतो आणि त्याचा तिरका काठ सीलच्या तिरक्या काठाला टेकला पाहिजे. उलटा ठेवला तरी तो बसल्यासारखा दिसतो. बोटाने दाबल्यावर तो प्लेटच्या पातळीपर्यंत खाली जाऊन परत वर आला तर बरोबर.

सील जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन वापरा. ते पहिल्या उष्णतेत वितळून जातं. दाट ग्रीस भरलं की सील खाचेत चिकटून राहतं आणि पहिल्या स्टार्टला कॉम्प्रेशनच मिळत नाही.

मधली प्लेट घालताना शाफ्ट साधारण २५ मिलिमीटर वर उचलावा लागतो. एकट्याने करू नका. एकाने शाफ्ट धरायचा, दुसऱ्याने प्लेट अगदी सपाट खाली आणायची. प्लेट तिरकी आली की तिची कड त्रिकोणी तुकड्याला लागते आणि तो निसटतो. प्लेट पूर्ण न टेकता किंचित वर राहिली तर बोल्टने आवळून खाली बसवायला जाऊ नका. उचला, बघा, परत ठेवा. या एका घाईने किती तरी नवे संच मोडले आहेत.

लांब टेन्शन बोल्ट ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, ३२ ते ३९ न्यूटन-मीटरपर्यंत. प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट हाताने फिरवा. आधीच्या टप्प्यात मोकळा असलेला शाफ्ट आता अडला तर पुढे आवळू नका.

जोडून झाल्यावर लक्षणं कशी वाचायची

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये एक मोठी सोय आहे. एक्झॉस्टचं तोंड हाउसिंगमध्येच असल्यामुळे शाफ्ट फिरवत गेलं की सील एकेक करून त्या तोंडातून दिसतात. लाकडी काडीने प्रत्येक हलकेच दाबा. आत जाऊन लगेच परत आलं पाहिजे, दोन्ही टोकांना सारखंच. एक टोक मऊ लागलं तर स्प्रिंग सरकली आहे. गाडीत बसवण्याआधी हे कळणं म्हणजे पंधरवड्याचं काम वाचणं. रेनेसिसमध्ये एक्झॉस्ट बाजूच्या प्लेटमध्ये असल्यामुळे ही सोय नाही.

मग कॉम्प्रेशन. शाफ्टच्या ३ फेऱ्यांत रोटरची एक फेरी होते, म्हणून प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचे तिन्ही कप्पे ३ फेऱ्यांत एकदा येतात. पिस्टन इंजिनाचं साधं गेज फक्त सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा धरून ठेवतं आणि बाकीचे दोन लपवतं. रोटरीचा टेस्टर मिळवा. तो नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह दाबून धरा आणि काट्याच्या उड्या बघा.

शेजारशेजारचे दोन कप्पे कमी आणि तिसरा चांगला असेल तर त्या दोघांमधलं एपेक्स सील किंवा कॉर्नर सील बघा, कारण एक एपेक्स सील दोन कप्प्यांची भिंत असतं. एकच कप्पा कमी असेल तर साइड सील. तिन्ही सारखेच कमी असतील तर हाउसिंगची झीज, किंवा नव्या बांधणीत सील अजून बसलेली नसणं. तिन्ही कप्प्यांमधला फरक १.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आत हवा, आणि आकडा मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला धरून वाचायचा. थकलेल्या बॅटरीवर घेतलेला आकडा कमीच येणार.

स्टार्ट होत नसेल तर लगेच उघडायला धावू नका. रोटरी पेट्रोलने पटकन भिजते आणि भिजलेल्या इंजिनात सीलवरचं तेल धुऊन जातं. पेट्रोल पंप बंद करा, प्लग काढून क्रँक करा, प्रत्येक रोटरमध्ये थोडं तेल सोडा आणि मग प्लग लावून पुन्हा प्रयत्न करा. स्टार्ट झाल्यावर पांढरा गोड वासाचा धूर राहिला तर तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) अडवणाऱ्या सीलचा प्रश्न आहे, एपेक्स सीलचा नाही.

तेल सोडणारा मीटरिंग पंप बसवताना त्याच्या नळ्यांत हवा राहते आणि पहिले काही मिनिटं सील कोरडी चालतात. म्हणून पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये लिटरमागे ४ ते ८ मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळा. टर्बो असेल तर रनिंग-इन (नव्या इंजिनाचं सुरुवातीचं जपून चालवणं) पूर्ण होईपर्यंत बूस्टला, म्हणजे टर्बोच्या दाबाला, हात लावू नका आणि त्यानंतर ट्यूनिंगमध्ये नॉकिंगचा (इंधन अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांचा) थोडासा आवाजही चालवून घेऊ नका. सगळी मापं बरोबर असलेलं सीलही नॉकिंगच्या एका जोरदार झटक्यात तुटतं. ठरवलेलं रनिंग-इन झाल्यावर कॉम्प्रेशन परत घ्या आणि सहाही आकडे तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी तुलना करायला तेच लागतील.