ऑपरेशननंतरची पहिली थंडी: स्वेटर आधी अंगात घालून बघा

दिवाळी आटोपली की लोकरीचे कपडे बाहेर काढा आणि एकेक अंगात घालून बघा. घडी उचलून सरळ सहलीच्या बॅगेत टाकू नका. मी टाकली होती. गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन उतरवण्यासाठीच्या पोटाच्या ऑपरेशनला, तेव्हा दहा महिने झाले होते, १०४ किलोंवरून मी ७१वर आले होते, आणि जानेवारीत पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर जुन्या मापाचा स्वेटर घालून उभी होते. कडाक्याच्या थंडीत तिथे दवबिंदू गोठतात. वारा गळ्यातून शिरून कमरेतून बाहेर पडत होता. वरून शाल घेतली तरी दात वाजायचे थांबेनात. कपडा अंगाला धरून नसेल तर ऊब टिकतच नाही. लोकर कितीही जाड असू दे.

‘मला कधी थंडी वाजतच नव्हती’ हे विसरा. कातडीखालची चरबी ऊब धरून ठेवायची, ती उतरली. खाणं कमी झालं, म्हणजे पचनातून मिळणारी उष्णताही कमी. वजन उतरत असताना शरीर स्वतःचा खर्चही आवरतं घेतं. एवढं सगळ्यांचंच होतं.

पण सगळं त्यावर ढकलू नका. निघायच्या पंधरा दिवस आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, थायरॉइड. हिमोग्लोबिन बरं दिसलं म्हणून थांबू नका, लोहाचा साठा त्याच्या आधी घटतो आणि तो फेरिटिनमध्ये दिसतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या सहलीतही चुकवायच्या नाहीत.

आता कपडे. कानटोपी, पायमोजे, हातमोजे घ्यालच. थर्मल नव्या मापाचं, अंगाला चिकटून बसणारं. त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर. आणि स्वेटर, पुन्हा सांगते, घालून बघा. हात वर करा, खाली वाका, पाठ उघडी पडते का ते पाहा. वजन अजून उतरत असेल तर महागडा घेऊ नका. दिवाळीत बसलेला जानेवारीत बसेलच असं नाही, म्हणून महिन्याभराने परत घालून बघा. सैल झालेला देऊन टाका. कपाटात राहिला तर घाईत तोच हाताला लागतो.

थर्मास हवाच. आपल्याला एका दमात पेलाभर पिता येत नाही, घोट घोट प्यायचं, तेही जेवणानंतर अर्धा तास थांबून. मुगाचं कढण किंवा साधं सूप भरा. गोड चहा, हॉट चॉकलेट नको. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते, छाती धडधडते, घाम फुटतो आणि ओल्या अंगाला वारा लागतो. जेवताना प्रथिनं आधी.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच. बी१२ कमी असेल तर पाय बधिर असतात, भाजलेलं उशिरा कळतं.

ऑपरेशन होऊन काहीच आठवडे झाले असतील आणि हुडहुडीबरोबर ताप, पोटदुखी किंवा नाडी जलद असेल, तर ही ती थंडी नाही. पांघरूण घेऊन पडून राहू नका, त्याच क्षणी सर्जनना फोन करा.

बाकी मोजे घालून झोपणं, गाडीतला एसी, गोधडी, ते तुम्ही बघालच. बॅगेची चेन लावण्याआधी स्वेटर एकदा अंगात घाला. गळा, मनगट, कंबर.