बाळाच्या बुबुळाच्या कडेला पांढरी गाठ दिसली तर काय करायचं

माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्यात जन्मापासूनच, बुबुळ संपून पांढरा भाग सुरू होतो तिथे, खाली कानाच्या बाजूला साबुदाण्याएवढा पिवळट पांढरा उंचवटा होता आणि पहिले दोन महिने घरात सगळे म्हणत होते मोठी झाली की जाईल. तर आधी हेच सांगते, तो आपोआप जात नाही. याला लिंबल डरमॉईड म्हणतात. पोटात बाळ घडताना त्वचेसारखा थोडा भाग भलत्या जागी राहून जातो, म्हणून त्यात चरबी असते, कधी कधी बारीक केसही उगवतात. साधारण दहा हजारात एक ते तीन बाळांना होतो, कॅन्सर नाही. आणि ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून तर अजिबात होत नाही, मला हे ऐकावं लागलं म्हणून मुद्दाम लिहितेय.

काजळ, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, काहीही डोळ्यात घालू नका. मेडिकलवाल्याकडून लालीचे ड्रॉप्स आणू नका, त्यात स्टिरॉइड असलं तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

खिडकीशी, फ्लॅश न मारता, महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना गाठ वाढली का ते कळतं. पण पांढरेपणा बाहुलीच्या आतून चमकत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, त्यात मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कॅन्सर असू शकतो, तेव्हा एक दिवसही थांबायचं नाही.

दाखवायचं ते लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना. परळचं केईएम, सायन, भायखळ्याचं जेजे इथे डोळ्यांची ओपीडी असते, केस पेपरच्या लाईनसाठी सकाळी लवकर पोचा, गर्दीच्या वेळेला बाळ घेऊन लोकलने जायचं टाळा, आणि दुधाची तयारी ठेवा कारण औषध घालून बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो. डिस्चार्ज कार्ड, फोटो सगळं बरोबर न्या.

आता मुख्य मुद्दा. आपलं सगळं लक्ष त्या गाठीवर असतं, ऑपरेशन कधी, डाग राहील का, लग्नात काय होईल (हो, तीन महिन्यांच्या बाळाच्या लग्नाची चर्चा झाली आमच्याकडे), पण खरं नुकसान गाठीपेक्षा चष्म्याचा नंबर करतो. गाठीमुळे बुबुळाचा आकार ओढला जातो, सिलिंड्रिकल नंबर येतो, त्या डोळ्याला धूसर दिसतं आणि मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष द्यायचंच सोडतो, यालाच लेझी आय म्हणतात. नजर घडते ती पहिल्या सात-आठ वर्षांत, त्यातही सुरुवातीची वर्षं सगळ्यात महत्त्वाची. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "नंबर किती आहे, चष्मा लागेल का, पट्टी लावायची का?" घरी एक करून बघा, चांगला डोळा तळहाताने झाकला की बाळ दरवेळी चिडतं आणि दुसरा झाकला तर काहीच नाही, असं असेल तर तारखेची वाट न बघता दाखवा.

कानापुढे छोटे मस आहेत का, दोन्ही कान सारखे आहेत का, जबडा एका बाजूला लहान वाटतो का तेही बघा. तसं काही असेल तर गोल्डनहार सिंड्रोम (जन्मतःच डोळा, कान, जबडा नीट न घडणं) असू शकतो, मग ऐकण्याची टेस्ट, मणक्याचा एक्स-रे, हार्ट आणि किडनीची तपासणी सांगतात.

गाठ छोटी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, केस टोचत असतील तर काढतात, ड्रॉप्स देतात. मोठी असेल, बाहुलीवर येत असेल किंवा नंबर वाढत असेल तर पूर्ण भूल देऊन काढतात, खोल असेल तर दान मिळालेल्या बुबुळाचा पातळ थर बसवतात. भुलेआधी किती तास उपाशी ठेवायचं ते लिहून घ्या, साधारण अंगावरचं दूध चार तास आणि पावडरचं सहा तास आधी बंद करतात. ऑपरेशननंतरही नंबर बहुतेक राहतोच, चष्मा आणि पट्टी सुटत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे मेंदूला दुसरा डोळा वापरावाच लागतो, आणि ती थेट कातडीवर चिकटवायची, नाहीतर बाळ कडेने बघतं. आमच्याकडे संध्याकाळची वेळ ठरलीये, आजी तिला घेऊन गॅलरीत बसते, समोरून लोकल जातात आणि त्या बघण्याच्या नादात ती पट्टी ओढायची विसरते.