गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आवडतात? मग असा सराव करा

नुसती त्यांची माणसं गिरवत बसलात तर हातात फक्त मोठे डोळे आणि ठिपक्यांचे फ्रॉक उरतील. आधी निवांत बघा. मुंबईत असाल तर कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमधे भिंतींवर त्यांची म्युरल्स आहेत, त्यातला एकच कोपरा धरा आणि कोण कुणाकडे बघतंय ते शोधत बसा, त्या गर्दीत प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं आणि माझ्या मते खरी मजा तिथंच आहे.

मग त्यांच्या चित्रांच्या पुस्तकातला तळहाताएवढा तुकडा जसाच्या तसा कॉपी करा, शाईच्या पेनानेच, कारण खोडता येतंय म्हटलं की लाइन घाबरट होते. सावलीच्या जागी किती ठिकाणी पॅटर्न आलाय बघा, शर्टाच्या रेघा, फरशीचे चौकोन, कौलं. शेजारी असा दाट पॅटर्न आला की कोरा चेहरा आपोआप उठून दिसतो.

आता ते पुस्तक बंद आणि थेट एसटी स्टँडवर बसून काढा. तिथं गोव्याच्या बाल्कन्या आणू नका, पत्र्याची शेड असेल तर पन्हळीच्या रेघा हाच तुमचा पॅटर्न, आणि नाक-डोळे समोरच्या माणसाचेच. कुणी "अरे, मारिओ!" म्हणालंच तर पुढच्या वेळी डोळे बदला, गर्दी राहू द्या.