जुनी करिझ्मा सांभाळताना या चुका टाळा

माझी हिरो होंडा करिझ्मा मोटारसायकल 2006 ची. 223 सीसीचं एअर-कूल्ड इंजिन, अर्धं फेअरिंग, कार्बोरेटर. घेतली सेकंडहँड. पहिल्या वर्षी तिनं मला एकच खेळ शिकवला. नाशिकहून सापुताऱ्याला निघालो की दिंडोरी सुटल्यावर धक्के देत बंद पडायची. दहा मिनिटं झाडाखाली उभी केली की पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालंच नव्हतं.

एका गॅरेजनं कार्बोरेटर दोनदा साफ केला. दुसऱ्यानं प्लग आणि कॉइल बदलली. तिसरा म्हणाला, इंजिन खोलून बघावं लागेल. शेवटी वणीच्या अलीकडे गाडी पुन्हा मेली ती नेमकी एका मोटारपंप दुरुस्तीच्या टपरीसमोर. तिथले काका हात पुसत आले आणि म्हणाले, "भाऊ, टाकीचं झाकण उघडा जरा." किल्ली फिरवली तर सुस्स करून हवा आत गेली. "गुदमरतेय तुमची टाकी." झाकणात हवेसाठी असलेली बारीक वाट धुळीनं बुजली होती आणि वरून मी हौसेनं रेग्झिनचं कव्हर चढवलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. टाकी फुल्ल असली की हे लवकर होतं, म्हणून माझी गाडी नेमकी लांबच्या दौऱ्यालाच दगा द्यायची. काकांनी कॉम्प्रेसरची हवा मारली, विषय संपला. पैसे विचारले तर उलट त्यांनीच चहा मागवला.

जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसा जातो तो असा, अंदाजानं पार्ट बदलण्यात. गाडी बंद पडली त्याच क्षणी, ती गार व्हायच्या आत तीन गोष्टी बघायच्या. झाकण उघडून सुस्स येतंय का आणि लगेच चालू होतेय का? येत नसेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा, पेट्रोल येतंय का? (इंजिन तापलेलं असतं, पेट्रोल त्यावर सांडू देऊ नका.) पेट्रोल येतंय तर प्लग काढून, प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून ठिणगी बघा. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, असं दिसलं तरच कॉइल किंवा पल्सर कॉइलवर (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) संशय घ्या. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी गार होते आणि लक्षण गायब होतं. मेकॅनिकचा त्यात दोष नसतो.

उभी ठेवण्यातली चूक

इगतपुरी-घोटीकडचा पाऊस बघून अनेक जण जूनमध्ये गाडी झाकतात आणि थेट दसऱ्याला पूजेसाठी काढतात. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि या गाड्यांचे जुने रबरी पाइप, सील त्यासाठी बनवलेले नाहीत. चार महिन्यांत कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि पहिला बळी जातो तो पायलट जेटचा, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचा. मग चोक ओढल्याशिवाय गाडी चालू राहत नाही, आयडलिंग टिकत नाही, आणि लोक आयडलिंगचा स्क्रू पिळत बसतात.

महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, उरलेलं ड्रेन स्क्रूनं काढा. टाकी मात्र भरलेली ठेवा, रिकाम्या पत्र्याला आतून गंज चढतो. बॅटरीची वायर काढा. रोज दोन मिनिटं जागेवर रेस करून ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्यात इंजिन नीट तापतही नाही आणि सेल्फनं खाल्लेलं बॅटरीला परत मिळतही नाही.

बॅटरी बदलण्याआधी

सेल्फ मारला नाही की बॅटरी बदलायची आणि दोन महिन्यांनी तीही मेली की कंपनीला शिव्या द्यायच्या, हा प्रकार मीही केलाय. चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून तीन-चार हजार आरपीएमला 13.5 ते 14.5 च्या दरम्यान हवं. 13 च्या खाली अडकलं तर स्टेटर (इंजिनमधली वीज बनवणारी कॉइल), रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा) किंवा त्यांचा कनेक्टर बघा. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर बॅटरी उकळतोय. कनेक्टर उघडून बघाच, माझ्याकडे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. कारण आधीच्या मालकानं मेन वायरला पीळ देऊन जोडलेले दोन फॉगलाइट.

टायर, चेन, ब्रेक

टायरची नक्षी खोल आहे म्हणजे टायर चांगला, असं समजू नका. बाजूला चार आकडे असतात. 3218 म्हणजे 2018 चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेलं रबर लाकडासारखं कडक होतं. कोरड्या कॉलेज रोडवर ते कळत नाही, ओल्या कसारा घाटात कळतं.

चेन घट्ट असली की आवाज बंद होतो, म्हणून मालक खूश आणि गॅरेजवालाही खूश. पण माणूस बसला की मागचा सस्पेन्शन दबतो, चेन आणखी ताणली जाते आणि त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. मी 25 मिमीच्या आसपास सैल ठेवतो, आणि चाक फिरवून जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथे मोजतो.

कसारा उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. त्यांनी ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवून बघावं. ते ओलावा शोषतं, तापलं की आत वाफ धरते आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो. दोन वर्षांनी बदला, आणि उतारावर गिअरमध्येच राहा.

सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, त्यामुळे हँडल थरथरण्याची तक्रार वाढली आहे. टायर बदलण्याआधी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. बरोबर मधोमध खट्टकन अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेलाय.

इंजिन ऑइल कारचं टाकू नका. क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघा.

घेताना

बघायला जाल तेव्हा आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर मालकानं तुमच्या येण्याआधी चालू करून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. फेअरिंगचे सगळे बोल्ट, रबरी बुश आणि क्लिपा जागेवर आहेत का मोजा. मूळ फेअरिंग आता सहज मिळत नाही, आणि 2023 ला आलेली करिझ्मा एक्सएमआर नावानंच बहीण आहे. तिचं 210 सीसीचं लिक्विड-कूल्ड इंजिन वेगळं, पार्ट वेगळे.

आणि आरसी नीट वाचा. एमएच 15 नंबर बघून लोक समाधान मानतात, मुदतीची तारीख बघत नाहीत. नोंदणी 15 वर्षांची असते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवलेली हवी. माझ्या आरसीची 15 वर्षं 2021 मध्ये भरली. आरटीओत तपासणीच्या रांगेत उभा होतो तेव्हा हॉर्न वाजेना, आणि पुढच्या गाडीवाल्यानं वायरचा तुकडा दिला म्हणून तो दिवस वाचला.