पाळीचं दुखणं अंगावर काढताय? एंडोमेट्रिओसिसची शंका आली तर काय करावं

"पाळीत दुखतंच गं. आमच्या वेळी नव्हतं का दुखत?" हे आई म्हणते, मावशी म्हणते आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. दुखतं हे खरंच आहे. पण एक गोळी घेऊन कॉलेजला जाता येणं वेगळं आणि दर महिन्याला दोन दिवस बाथरूमच्या फरशीवर पाय पोटाशी घेऊन पडून राहणं वेगळं. या दुसऱ्या दुखण्याची तपासणी व्हायला हवी.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयाजवळ वाढू लागतात, तो एंडोमेट्रिओसिस. तिथे सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी मुली-स्त्रियांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात. यातली बरीचशी वर्षं "दुखतंच गं"मध्ये जातात.

आधी वही

दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा. मोबाईलवरचं ॲप चालेल, पण मला साधी वही बरी वाटते, कारण ती डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवता येते. माझ्या वहीतलं एक पान असं होतं:

"दिवस १. पहाटे ४ ला कळा सुरू, १० पैकी ८. दोन उलट्या. शी करताना आत सुरी फिरवल्यासारखं. ६ वाजता मेफेनामिक ॲसिडची गोळी, फरक नाही. प्रॅक्टिकल बुडालं."

शेवटचे दोन शब्द सगळ्यात कामाचे. 'खूप दुखतं' हे डॉक्टर दिवसातून वीसदा ऐकतात. 'या वर्षी चार प्रॅक्टिकल बुडाली' हे ऐकलं की हातातलं पेन थांबतं. पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का, शी-लघवीला त्रास होतो का, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का, किती तासांनी पॅड बदलावं लागतं, कोणती गोळी किती वेळा घेतली, हे सगळं लिहा. गरम पाण्याच्या पिशवीने पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडले असतील तर तेही दाखवा. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला हा आजार किंवा 'चॉकलेट सिस्ट' (या आजारात अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ) होती का, ते घरी विचारून ठेवा. जवळच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते.

केबिनमध्ये

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच करा. खासगीची फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीचा केस पेपर काढा. रांग मोठी असते, पण सोनोग्राफी, एमआरआय आणि शस्त्रक्रिया करणारे विभाग बहुधा एकाच आवारात मिळतात.

आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "मॅरिड का अनमॅरिड?" तो लग्नाचा प्रश्न नसतोच. तुमचे शारीरिक संबंध आले आहेत का, हे आडून विचारलेलं असतं. उत्तरही त्याच अर्थाचं द्या, कारण कोणती तपासणी करायची ते त्यावर ठरतं. शेजारी आई बसली असेल तर "पाच मिनिटं एकटीशी बोलू का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. त्यात काही गैर नाही.

मग थेट विचारा: "हा एंडोमेट्रिओसिस असू शकतो का? नसेल, तर दुसरं काय असेल?" स्वतःच नाव घेतलं की 'गूगल करून आली' असा चेहरा होतो काहींचा. होऊ दे.

तपासण्या

पहिली तपासणी सोनोग्राफी. पोटावरून करताना लघवी भरलेली लागते. योनीमार्गातून केलेली अधिक स्पष्ट दिसते, पण संबंध आले नसतील किंवा नको वाटत असेल तर नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. मग गुदमार्गाने सोनोग्राफी किंवा एमआरआय असे पर्याय उरतात. चिठ्ठीवर 'एंडोमेट्रिओसिसची शंका' असं लिहून घ्या. काय शोधायचं ते माहीत नसेल तर पाहणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतं.

माझ्या पहिल्या रिपोर्टवर 'नॉर्मल स्टडी' छापून आलं आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मी सोडून. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत चांगली दिसते, पण पोटाच्या आतल्या पातळ आवरणावरचे या आजाराचे बारीक ठिपके बहुतेकदा दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नव्हे. सीए-१२५ या रक्ततपासणीवरूनही निदान ठरवत नाहीत; ती इतर कारणांनीही वाढते.

पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याशिवाय, म्हणजे लॅप्रोस्कोपी केल्याशिवाय, निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या 'एश्रे' या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे बदललं: तपासणीत काही दिसलं नाही किंवा औषधांनी गुण आला नाही, तर लॅप्रोस्कोपी. तोवर लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात.

हे उपचार म्हणजे वेदनाशामक आणि हार्मोन्स: डायनोजेस्टसारखं प्रोजेस्टिन, किंवा गर्भनिरोधक गोळ्या. गोळ्यांचं नाव ऐकून घरात कुजबुज होते, पण इथे त्या औषध म्हणून दिलेल्या असतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगमग होत असेल, रक्तात गुठळी झाली असेल किंवा रक्तदाब असेल तर आधी सांगा. "लग्न कर, मूल होऊ दे, थांबेल" हा उपचार नाही. केवळ आजार बरा व्हावा म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये, असं एश्रेच्या सूचनांतही आहे.

अचानक असह्य कळ, ताप, भोवळ किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं, यात अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. थेट कॅज्युअल्टी गाठा. अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो.

पुढचा तज्ज्ञ

तीन-चार महिन्यांत फरक नसेल, सिस्ट असेल किंवा शी-लघवीला त्रास असेल, तर एंडोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडे पाठवायला सांगा. त्यांना विचारायचे प्रश्न: अशा किती शस्त्रक्रिया करता? व्रण कापून काढता की जाळता? आतड्याला लागलं असेल तर आतड्याचे सर्जन सोबत असतील का? सिस्ट काढताना अंडाशयातली बीजं कमी होऊ शकतात, म्हणून आधी एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करायची का? उत्तर देताना चिडणाऱ्या सर्जनकडून ऑपरेशन करून घेऊ नये, हे माझं वैयक्तिक मत. दुसरं मत जरूर घ्या. खर्च विम्यात किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते भरती होण्याआधीच विमा कंपनीला किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शस्त्रक्रिया झालीच तर डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी मागून घ्या: ऑपरेशन नोट, बायोप्सीचा रिपोर्ट आणि मिळत असेल तर व्हिडिओ. सगळं एका फाइलमध्ये लावा आणि सर्वात वर ती वही.