'कॅच-22' सात आठवड्यांत: कोल्हापूरच्या वाचनकट्ट्यासाठी

जोसेफ हेलरची ही कादंबरी 1961 सालची, दुसऱ्या महायुद्धात इटलीवर बॉम्बफेक करणाऱ्या अमेरिकी वैमानिकांची. ती अर्ध्यावर सोडणारे बहुधा पहिल्या पाच-सहा प्रकरणांतच सोडतात. इंग्रजी जड म्हणून नव्हे, तर काळ सारखा पुढं-मागं उड्या मारतो आणि माणसांची गर्दी आवरत नाही म्हणून. एकट्यानं झटण्यापेक्षा सहा-आठ जणांनी मिळून वाचा.

प्रकरणं 42 आहेत. आठवड्याला सहा धरली की सात बैठका होतात. जागा बंद खोलीची घ्या. रंकाळ्याचा कट्टा गप्पांना उत्तम, पण तिथं मोठ्यानं वाचलेलं कानात शिरत नाही.

पहिल्या बैठकीआधी कार्डशीटवर तीन रकाने आखा: प्रकरण, मोहिमांचा आकडा, त्या वेळी कोण जिवंत. बॉम्बफेकीच्या किती मोहिमा झाल्या की घरी जायचं, हे तुकडीचा प्रमुख कर्नल कॅथकार्ट ठरवतो आणि कुणी जवळ पोचलं की आकडा वाढवतो. दुसऱ्या प्रकरणात कादंबरीच्या नायकाच्या, योसारियनच्या 44 झाल्यात, तर आता 50 हव्यात. सुरुवात 25 पासून झालेली असते, शेवटाकडं 80 होतात. हा आकडाच कादंबरीतलं घड्याळ. 30-35 दिसला तर प्रसंग मागचा, 60-70 दिसला तर पुढचा. प्रकरणांच्या नावांवर मात्र विसंबू नका. बहुतेक नावं माणसांची आहेत, आणि तो माणूस त्या प्रकरणात पानभरच भेटेल असंही होतं.

कादंबरीतला विमानतळ आहे ते पियानोसा हे इटलीजवळचं खरं बेट आहे, एल्बाच्या दक्षिणेला. पण या सगळ्या घडामोडी मावतील एवढं ते मोठं नाही, असं लेखकच सुरुवातीला सांगतो. हेलर स्वतः कॉर्सिकाहून बी-25 विमानातून 60 मोहिमांवर गेला होता. नकाशा भिंतीवर लावाल तेव्हा त्यावर वरच्या तायबरचं खोरंही दाखवा. 10 जुलै 1944 ला मराठा पलटणीचे यशवंत घाडगे तिथं पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढं सांगितलं की इटली लांबची राहत नाही.

पाचव्या प्रकरणात थांबा. वेड्याला उड्डाणातून सूट आहे, पण ती मागावी लागते. मागितली म्हणजे जिवाची भीती आहे, भीती आहे म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, म्हणजे चला विमानात. हीच ती 'कॅच-22'. 'कॅच'साठी 'मेख' हा शब्द धरा. 'कलम बावीस'ला कचेरीचा वास छान येतो, पण त्यातली फसगत निसटते. 22 मध्ये गूढ शोधू नका. आधी नावात 18 होतं. त्याच वर्षी लिऑन युरिसची 'मिला 18' ही कादंबरी येत होती म्हणून ते बदललं.

आठव्या प्रकरणातली क्लेव्हिंजर या योसारियनच्या सोबत्याची चौकशी किमान चार आवाजांत वाचा. हसवायला जाऊ नका, तिथंच सगळे चुकतात. तहसील कचेरीत सुनावणी चालावी तसं सपाट वाचलं की विनोद आपोआप बाहेर पडतो.

तळावरच्या खाणावळीचा अधिकारी मायलो माल्टातून अंडं 7 सेंटला घेतो, खाणावळींना 5 सेंटला देतो आणि तरी नफा मिळवतो. 22 व्या प्रकरणात हे फळ्यावर मांडा. तो सिसिलीत 1 सेंटला घेतो, आणि माल्टात विकणारा गुपचूप तोच असतो. म्हणजे पदरचा 1 सेंट गेला, 5 आले. 'यात सगळ्यांचा शेअर आहे' हे त्याचं पालुपद दूध संघ आणि साखर कारखाने पाहिलेल्यांना समजावावं लागत नाही. फक्त चर्चा तिथून संचालक मंडळाच्या निवडणुकीकडं गेली की बैठक संपली म्हणून समजा.

योसारियनच्या विमानातला तरुण सैनिक स्नोडेन जिथं येतो तिथं कार्डशीटवर लाल पेनानं खूण करा: प्रकरण 4, 5, 22, 30. दर वेळी थोडंच कळतं, आणि ज्यानं आधी वाचलंय त्यानं तोंड बंद ठेवायचं. 39 व्या प्रकरणातली रोमची रात्र काळीकुट्ट आहे. हसायला आलेल्यांना ते आधी सांगून ठेवा, नाहीतर शेवटच्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या दिसतात.

41 व्यातला स्नोडेनचा विमानातला प्रसंग एकाच आवाजात, न थांबता वाचा. चहा त्याआधीच उरकून घ्या, मध्ये कपबश्यांचा आवाज नको. 42 वं लगेच सुरू करू नका, पंधरा मिनिटं जाऊ द्या.